निळी किनार

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे खुर्च्यांवर शहरातले देणगीदार, मागे सतरंजीवर खेड्यापाड्यांतले आईबाप, भिंतीशी धान्याच्या पिशव्यांची रास. स्टेजवर चिमी, डोळ्यांवर काळी पट्टी.

"हिचा तिसरा डोळा उघडलाय!" संस्थेचा नेत्रगुरू माइकवर गरजला. "शाळेत वर्षानुवर्षं घासून जे येत नाही, ते आमच्या संस्थेत सहा महिन्यांत! विश्वाच्या लहरी थेट मेंदूत!"

लहरी थेट मेंदूत, आणि माइक मात्र दर वाक्याला खरखरत होता.

त्याने एक वाक्य लिहिलेलं, निळ्या किनारीचं कार्ड तिच्या हातात दिलं. चिमीने मान मागे टाकली. "ज्ञान हाच खरा प्रकाश." मग लाल किनारीचं कार्ड. "भुकेल्याला अन्न द्या." टाळ्यांचा कडकडाट. एका देणगीदार बाईंनी डोळे टिपले.

ज्या पोराचा डोळा उघडेल त्याच्या घरी महिन्याचं धान्य. ज्याचा उघडणार नाही त्याच्या "घरात पाप". उपाशी माणसाला असली अट घालणाऱ्याची किळस येते. याच अटीपायी चिमीच्या आईने तिला अक्षरओळख होण्याआधीच शाळेतून काढलं होतं.

तिच्या शाळेच्या बाई मागून उठल्या. "माझं एक कार्ड वाचू दे की."

"संशयी हात लागला की शक्ती पळते, बाई."

"पळू दे. एवढी माणसं आहोत, पकडू!"

हशा पिकला. देणगीदारही म्हणाले, "वाचू द्या हो."

बाईंच्या कार्डाला मुद्दाम काढलेली निळीच किनार होती. चिमीने मान मागे टाकली. "ज्ञान हाच खरा प्रकाश."

बाईंनी कार्ड लोकांकडे फिरवलं. त्यावर ठळक अक्षरांत होतं: "या मुलीला कुणी वाचायला शिकवलेलं नाही."

"लहरी बिघडल्या!" गुरू ओरडला.

बाईंनी पट्टी सोडली. "आता बघून वाच, बाळा."

चिमी टक लावून बघत राहिली. "ज्ञान हाच..." आणि तिला रडू फुटलं. "आई, आता धान्य बंद?"

पट्टी बांधली तरी नाकाशेजारच्या फटीतून खालचं दिसतं. रंग दिसला की घोकलेलं वाक्य म्हणायचं. एवढाच तो तिसरा डोळा! घरी रुमाल बांधून बघा.

आई ताडकन उठली. एक पिशवी उचलून डोक्यावर घेतली. "आम्ही उपाशी आहोत म्हणून नेते. पोरगी खोटं बोलली म्हणून नाही. चल चिमे, उद्यापासून शाळा."

तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही.

देणगीदारांनो, धान्य भूक बघून द्या, तमाशा बघून नको. आणि टाळी वाजवण्याआधी पोराच्या हातात साधं पुस्तक देऊन बघा. त्याचे दोन डोळे धड आहेत. त्यांना अक्षरं शिकवा.