पोटातलं जुनं बिऱ्हाड

मी एक जुना जिवाणू आहे. जुना म्हणजे घराण्याने. आमच्यात एकाचे दोन व्हायला वेळ लागत नाही, त्यामुळे तो मूळचा मी की त्याचा पणतू, हे मलाही सांगता येणार नाही. आता तेवढं आठवत बसायचं त्राणही उरलेलं नाही.

मित्रांनो, माझा मुक्काम लालबागच्या चाळीत राहणाऱ्या दर्शनाच्या मोठ्या आतड्यात आहे. तिच्या जन्माच्या वेळी आम्ही तिच्या आईकडून, मालनकडून, इकडे आलो. नाचणीची भाकरी, लाल माठ, कुळीथ यांतला जो चोथा दर्शनाला पचत नसे, तो आमचं जेवण. त्यातून आतड्याच्या अस्तराला लागणारं अन्न आम्ही बनवून द्यायचो. कौतुक कुणी केलं नाही, आम्हीही मागितलं नाही.

मग दर्शनाला लोअर परळला नोकरी लागली आणि काही महिन्यांनी पोटात कळा सुरू झाल्या. चाळीतले संडास गॅलरीच्या टोकाला, बाहेर बादल्यांची रांग. सारखं जावं लागलं तर लोक काय म्हणतील, म्हणून तिने खाणंच सोडलं. चहा आणि खारी, बस. आमची उपासमार झाली. त्यात ती मनानेच जंतू मारायच्या गोळ्या घेई. सुक्याबरोबर ओलंही जळतं. आमचे कितीतरी गेले. अस्तर सोलवटलं, रक्त पडू लागलं. ते तिने आईलाही सांगितलं नाही. मला फार वाईट वाटे.

एका सकाळी ती रांगेतच चक्कर येऊन पडली. कपड्यांना रक्त लागलं होतं.

"कधीपासून गो?" मालनने विचारलं.

"गणपतीपासून," एवढंच बोलून ती रडू लागली.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून तपासलं. "आतड्याला सूज आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात चांगले जिवाणू घटतात. ते घटले म्हणून सूज आली की सुजेमुळे ते घटले, हे अजून कुणाला नक्की सांगता येत नाही. औषध मात्र सोडायचं नाही. आणि लपवायचं तर अजिबात नाही."

मालनने घरी येऊन सगळ्या गॅलरीला आजार सांगून टाकला. दर्शना लाजेने दोन दिवस ओढणीत तोंड लपवून रांगेत उभी राहिली. तिसऱ्या दिवशी रांगेत सर्वांत पुढे शेजारचे म्हातारे गुणाजी होते. त्यांनी आपली बादली बाजूला सरकवली.

"तू जा गो फुडे. माझा काय, मी थांबतंय."

त्या रात्री ती मऊ भात पोटभर जेवली.

मित्रांनो, मी दमलो आहे. सूज अजून आहे, आम्ही थोडेच उरलो आहोत. पूर्वीसारखं होईल का, ठाऊक नाही. तुमचं पोट बिघडलं तर घरी सांगा. आम्हाला बोलता येत नाही.