बिजाची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. मी कोणत्या लाकडाची, हे मला पक्के ठाऊक आहे. पण पेटीला तोंड नसते. हे दुःख मला यंदाच्या उन्हाळ्यात कळले.

दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावर पूनमसिंगच्या शेताच्या धुऱ्यावरचे बिजाचे झाड वादळात आडवे झाले आणि मारोती सुताराने त्यातून मला घडवले. पूनमसिंगची बायको लालीबाई माझ्या पोटात आपला लग्नातला फेटिया ठेवी, आरसे आणि कवड्या लावलेला घेरदार घागरा. त्याला ती कोणाला हात लावू देत नसे. माझ्यावर मात्र सगळ्यांचा हात फिरे. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून झाली की डबीत उरलेला रंग मला फासायचा, ही त्या घरची रीत. "पेटीले बी सण असते," पूनमसिंग म्हणे. लाल, निळा, हिरवा, पुन्हा लाल. रंगाखाली मी गुदमरून गेले. पुढे मारोती गेला, पूनमसिंग गेला, आणि मी मूळची कोण हे कोणी विचारीनासे झाले.

मग नात अंजूने मनावर घेतले. फेटिया आजीच्या पलंगावर काढून ठेवला आणि मला दिग्रसला रहमत मिस्त्रींकडे आणले. खरा रंग दिसू दे, म्हणाली.

रहमत मिस्त्रींच्या नाकाची बाजारात ख्याती होती. लाकडाची खरवड नाकाशी न्यायची आणि नाव सांगायचे. पण तीन वर्षांपूर्वीच्या तापात त्यांना वास येणे बंद झाले होते. हे त्यांनी लेक गझालालाही सांगितले नव्हते. नाव गेले तर आपण उरणार काय, या धास्तीने तो माणूस आतून पोखरला होता.

त्यांनी माझ्या तळाची खरवड काढली आणि डोळे मिटून नाकाशी धरली. मी जिवाच्या आकांताने वास सोडत होते. त्यांनी ती पुन्हा पुन्हा चुरगाळून हुंगली. थोडी खरवड बाकावरच्या पाण्याच्या गिलासात पडली.

"चाचा, सागच हाय ना?" अंजूने विचारले.

"हो मंग. आपल्या भागात दुसरं काय राह्यते?"

झाकण सुटे करून रंग उतरवायला सोड्याच्या पाण्यात बुडवले. साग असता तर थोडा काळवंडून निभावला असता. बिजा मात्र पाण्यात आपला रंगच ओततो. एकेका पोळ्याचा रंग सुटत गेला, आणि दुपारी झाकण बाहेर आले ते तव्यासारखे काळे. मिस्त्रींनी ते उलटून पाहिले. तरी चूक कबूल करवेना. मलाही त्याच पाण्यात बुडवायला त्यांनी हात घातला. मला पळता येत असते तर मी पळाले असते.

तेवढ्यात गझाला गिलास उचलायला आली.

"अब्बा, हे पाणी निळं काहून दिसून राह्यलं?"

मिस्त्रींनी गिलास उन्हात धरला. पाणी पिवळे, कडेला निळसर झाक. अशी झाक बिजाचीच, हे त्यांना ठाऊक होते.

"बिजा हाय हा, बेटा. मले वास येत नाही. तीन साल झाले." आणि ते रडले.

दुसऱ्या दिवशी लालीबाई आली. मिस्त्रींनी तिला सगळे सांगितले. तिने काळ्या झाकणावरून हात फिरवला.

"ह्याच बिजाच्या उरलेल्या तुकड्याचा गिलास केलता मारोतीनं, आमच्या यायच्या साखरेच्या बिमारीसाठी. रोज त्यात पाणी मीच भरून ठेवो. मले कोणी विचारलंच नाही."

"विचारायची लाज वाटली, बाई," मिस्त्री म्हणाले.

मिस्त्रींनी माझे बाकीचे अंग काचेच्या तुकड्याने कोरडेच खरवडले. चार दिवस लागले. आता मी बिजासारखी दिसते, झाकण सोडून. पण ते झाकण अजून दमट हवेत रंग सोडते, म्हणून फेटिया माझ्यात परत आला नाही. तो लोखंडी कपाटात आहे आणि मी रिकामी आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूला हात लावण्याआधी ती कशाची आहे ते ओळखा. ओळखता आले नाही तर तसे सांगा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ते माणूस पलीकडच्याच खोलीत असते. लालीबाई रोज सकाळी झाकणाच्या आतून पांढरे फडके फिरवून पाहते. आजही ते तांबडे झाले.