काळा दाणा आणि पहिली भट्टी

मी एक जुनी, दगडी भट्टी आहे. आल्प्सच्या कुशीतल्या शाँप्ले गावात, चर्चच्या मागच्या उतारावर मी बसले आहे. मला गावकऱ्यांनीच बांधले.

मित्रांनो, आमच्याकडे सरपण फार दुर्मीळ. म्हणून सगळे गाव वर्षाचा पाव एकदाच, नोव्हेंबरात भाजून घेई आणि वाळवून ठेवी. पहिल्या घराचे हाल मात्र कुत्रा खाईना. माझे गार दगड तापवायला त्याचे दुप्पट सरपण जाई आणि पावही आत कच्चा राही. तोच वर्षभर खायचा! म्हणून टोपीत घेवड्याचे दाणे टाकून पाळी ठरे. काळा दाणा आला की पहिली पाळी, आणि ती कुणाला देता येत नसे, घेताही येत नसे.

त्या वर्षी लेओनीचा नवरा दरड कोसळून गेला होता. घरात तीन लहान मुली. तिने टोपीत हात घातला आणि मूठ उघडताच तिचा चेहरा पांढरा पडला. मागे उभा असलेला म्हातारा सेराफँ मुद्दाम अडखळला. तिच्या हाताला धक्का बसला, दाणा खाली पडला. सेराफँने तो उचलला.

"माझाच हा. मेलं नशीबच फुटकं."

पंच क्लोतेर नियमाला पक्का. त्याने सगळे पाहिले होते. तो खाकरला आणि म्हणाला, "काळा दाणा सेराफँकडे. चला, पुढचा कोण?"

पुढच्याने टोपीत हात घातला.

दुसऱ्या दिवशी सेराफँ मला पेटवत असताना लेओनी पाठीवर मोळी घेऊन आली.

"हे कशाला आणलंस?"

"घरात अडगळ झाली होती, काका."

तरी त्याचा पाव चिकटच निघाला. क्लोतेरने हिवाळाभर त्याला छळले, "पाव खातोस की चिखल?"

"दात कुठे आहेत मला? मऊच बरा."

पुढच्या वर्षापासून पहिल्या घरासाठी प्रत्येक जण एक मोळी आणू लागला. तसे कुणी ठरवले नव्हते. मला त्या माणसांचा फार अभिमान वाटे.

मग सडक झाली, खालच्या गावातून पावाची गाडी येऊ लागली. माझ्या तोंडाशी खाजरी झुडपे माजली. कोंबडीने आत अंडी घातली. मी वर्षानुवर्षे गार पडून राहिले, आणि दगड उकलू लागले.

आता उन्हाळी सुट्टीत शहरातली नातवंडे येतात आणि एक दिवस मौजेने मला पेटवतात. मला बरे वाटते, खोटे कशाला बोलू? पण पहिला पाव कच्चा निघाला की ती नाक मुरडून तो टाकून देतात.

मित्रांनो, मला वर्षातून एकदा तरी ऊब द्या, नाहीतर मी ढासळेन. आणि तो पहिला पाव टाकू नका. बाकीच्यांचा पाव चांगला व्हावा म्हणून तो कच्चा राहिलेला असतो.