टिकलीच्या खोलीतला आकडा

आजी खोलीत पाऊल टाकायची आणि यंत्राचा दिवा लाल व्हायचा. एकदा झालं असतं तर कुणी मनावर घेतलं नसतं, पण हे रोजचंच झालं. हवा शुद्ध करणारं ते पांढरं यंत्र घरघरायला लागायचं, हवा किती खराब ते सांगणारा त्याच्यावरचा आकडा साठाचा नव्वद व्हायचा आणि दोन मिनिटांत आजीचा फोन वाजायचा. मुलाचा फोन, विमा कंपनीच्या ऑफिसातून. तिथं बसल्या बसल्या त्याला मोबाइलवर घरातली हवा दिसायची. तू टिकलीच्या खोलीत आहेस का गं, असं तो अगदी मऊ आवाजात विचारायचा, आणि तो मऊपणाच आजीला झोंबायचा. तडकून बोलला असता तर तिलाही दोन शब्द सुनावता आले असते.

टिकली म्हणजे त्याची सहा वर्षांची लेक. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून हे नाव पडलं. तिला दमा. सव्वा वर्षापूर्वीच्या हिवाळ्यात पोरीला दोनदा इस्पितळात ठेवावं लागलं, आणि दुसऱ्या खेपेला तिचे ओठ निळे पडलेले बघून मुलानं घरी आल्या आल्या ठरवलं की यंत्र घ्यायचं. पण दुकानात जाऊन घेऊन आला असं नाही हं. दिवसभर लोकांना कुठली पॉलिसी कशी वेगळी ते समजावणारा माणूस तो. तीन महिने त्यानं तक्ता केला. खोली किती लांब, किती रुंद, तासाला खोलीतली सगळी हवा कितीदा गाळून निघेल, झोपेत आवाज किती होईल, नवा फिल्टर कितीला मिळतो आणि कधी बदलायचा. हवेत ओझोन सोडणारी यंत्रं त्यानं लाल रेघ मारून बाद केली. सूनबाईचं म्हणणं होतं की कंपनीचा माणूस घरी येऊन बसवून देतो तसलं घेऊ. तो हसला. प्लग तर लावायचा, त्याला माणूस कशाला? शेवटी त्याच्या मनासारखं झालं आणि यंत्र त्यानं स्वतःच बसवलं.

त्याच महिन्यात आजी राहायला आली. सूनबाई दातांच्या दवाखान्यात नोकरीला, मुलगा ऑफिसात, मग शाळेतून आलेल्या आजारी पोरीजवळ बसायला कोण? आजीनं पस्तीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केली होती, पाच फूट रुंदीच्या दुकानात, एकटीनं. ते दुकान तिनं दिलं, भाड्याची खोली सोडली आणि हत्यारांचा डबा तेवढा घेऊन आली. मागं काही ठेवलंच नाही. परत जायला आता जागा नव्हती, आणि जावं लागेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तर हा लाल दिवा. बोटांचे सांधे धरायचे म्हणून आजी बाम चोळायची, आणि यंत्राला म्हणे उग्र वासही कळतो. ठीक आहे. बाम बंद. रात्रभर बोटं ठणकायची, पण तक्रार नाही. मग पावडर बंद, वासाचं तेल बंद, साबण बदलला. शाळेतून पोर यायच्या आधी आजी दुसऱ्यांदा आंघोळ करायला लागली. एवढं करून आकडा नव्वदवर जायचा थांबला, पण साठाच्या खाली येईना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, टिकलीच्या खोलीत तो विसाच्या आत हवा. नाही येत म्हणजे घरातच काहीतरी आहे, ते शोधा.

आता शोधायचं म्हणजे काय? गेल्या अकरा महिन्यांत घरात नवीन दोनच गोष्टी आल्या होत्या, यंत्र आणि आजी. यंत्र तर तीन महिने पारखून घेतलेलं. दर पंधरा दिवसांनी त्याच्या बाहेरच्या जाळीची धूळ मुलगा मऊ ब्रशनं झटकायचा, हवेच्या वाटेत पडदा येऊ नये म्हणून भिंतीपासून वीतभर दूर ठेवायचा, आणि आतला फिल्टर वर्ष संपेपर्यंत कुणी उघडायचा नाही असं त्यानं बजावून ठेवलं होतं. मग उरलं कोण ते कुणीच तोंडानं बोललं नाही. चौघं जेवायला बसली की मुलगा फोनकडे बघायचा, सूनबाई त्याच्याकडे बघायची आणि आजी ताटाकडे.

शेवटी एका शुक्रवारी त्यानं विषय काढलाच. चार दिवस मावशीकडे जाऊन येतेस का? म्हणजे आजीच्या धाकट्या बहिणीकडे. नुसतं बघू म्हणाला, आकड्यात काही फरक पडतो का. आणि पडला तर, असं आजीनं विचारलं. तर जवळच एखादी खोली बघू तुझ्यासाठी, मी रोज येत जाईन, असं म्हणून तो टेबलावरचा नसलेला डाग पुसत बसला. ती बरं म्हणाली. नातीसाठी नाही म्हणायचं कसं?

शनिवारी सकाळी तिघं श्वासाची तपासणी करायला गेली. आजीची पिशवी भरून झाली होती. संध्याकाळी निघायचं होतं, आणि तिला काही केल्या चैन पडेना. उठली, बसली, भरलेली पिशवी रिकामी करून परत भरली. मग टिकलीच्या खोलीत गेली आणि त्या यंत्रासमोर पलंगाच्या कडेवर जाऊन बसली. गादीची धूळ उडाली असेल, पण आला, लाल दिवा आला. "बघ, बघून घे," ती यंत्राला म्हणाली. घरात कुणी नाही म्हटल्यावर माणूस बोलतो असं.

आणि मग तिचे हात शिवशिवायला लागले. पस्तीस वर्षं गिऱ्हाइकं येऊन सांगायची, बाई, दोराच वाईट निघाला, कापडच भिकार आहे. आजी कधी वाद घालायची नाही. आधी मशीन उघडायची. तिनं यंत्राच्या डोक्यावर तळहात धरला. एवढी घरघर, आणि वारा? आजाऱ्यानं फुंकर घालावी तेवढाच. आजीच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिनं प्लग काढला, यंत्र आडवं केलं आणि बुडाचं झाकण फिरवून उघडलं.

फिल्टर बाहेर ओढताना काहीतरी चुरचुरलं. प्लास्टिक. कारखान्यातून आलेली पारदर्शक पिशवी फिल्टरवर चापून बसवलेली होती, वरून खालपर्यंत, तोंड डकवलेलं. तिच्यावर ठळक लाल अक्षरांत छापलं होतं की यंत्र चालू करण्याआधी ही पिशवी काढा. आणि त्या अक्षरांच्या खाली, मुलाच्या सुवाच्य हस्ताक्षरात, काळ्या मार्करनं फिल्टर बसवल्याची तारीख घातली होती. अकरा महिन्यांपूर्वीची. शहाण्यानं तारीख पिशवीवरच घातली होती! आतला फिल्टर कोरा करकरीत, त्याला धुळीचा कण शिवला नव्हता.

आजीला आधी हसू फुटलं. मग तळपायाची आग मस्तकाला गेली. आपण बाम सोडला, दोन दोनदा आंघोळी केल्या, आणि हे! मग तिच्या लक्षात आलं की अकरा महिने पोर ह्या डब्याशेजारी झोपतेय आणि तो नुसता ओरडतोय.

खोटं कशाला सांगा, एक विचार तिच्या मनात आला. पिशवी तशीच राहू दिली तर चार दिवसांत आकडा हलणार नाही, आणि आपण सुटू. काढली तर आकडा उतरेल, आणि सगळे म्हणतील, बघा, म्हातारी गेली नि हवा सुधारली. हा विचार आला तशी तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं पिशवी नखांनीच टराटरा फाडली. फिल्टर बसवला, झाकण फिरवलं, प्लग लावला. आता वरून असा वारा आला की तिच्या कपाळावरचे केस उडाले. फाटकी पिशवी घडी करून तिनं पर्समध्ये टाकली. मुलगा आला की दाखवायची आणि चांगली खरडपट्टी काढायची, असं ठरवून ती दारात वाट बघत उभी राहिली.

तिघं आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. तपासणी चांगली निघाली नव्हती, डॉक्टरांनी जास्त ताकदीच्या औषधाचा विषय काढला होता. सूनबाई तडक न्हाणीघरात गेली आणि आतून नळाचा आवाज यायला लागला. मुलगा आजीच्या पायाशी जमिनीवरच बसला. चाळिशीचा बाप्या, पण खांदे असे पाडून की बघवेना.

"आई, माझ्याकडून काही राहिलं नाही ना गं?" तो म्हणाला. "मी सगळं केलं ना?"

आजीचा हात पर्सवर होता. काढायची आणि दाखवायची, एवढंच.

"केलंस रे," ती म्हणाली. "तू काय कमी केलंस?"

संध्याकाळी त्यानं तिला बहिणीकडे नेऊन सोडलं. परत येऊ तेव्हा शांतपणे सांगू, असं तिनं स्वतःला बजावलं.

पण शांतपणा कुठला! बहिणीच्या घरी तिनं सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, गळका नळ नीट केला, चालू असलेलं घड्याळ खोलून बंद पाडलं आणि परत चालू केलं. रोज संध्याकाळी मुलाचा फोन यायचा. रविवारी आकडा अठरा. सोमवारी अकरा. टिकली रात्रभर खोकली नाही, सलग झोपली. ते ऐकून आजीच्या डोळ्यांना धार लागायची. पोरीसाठी लागायची हे खरं, पण नुसती पोरीसाठी नाही, हेही खरंच. मंगळवारी मात्र फोनवर तो तुटक बोलला. आकडा सांगितलाच नाही. अजून थोडे दिवस राहशील का, एवढंच विचारलं.

त्या रात्री बहिणीनं तिच्याकडून सगळं काढून घेतलं आणि कपाळावर हात मारला. तोंडाला कुलूप घालून बसायचं असेल तर बस आयुष्यभर माझ्याकडे, जागेला तोटा नाही, पण मग रडू नकोस, असं ती चिडून म्हणाली.

गुरुवारी दुपारी मुलगा आला, टिकलीला घेऊन. बहिणीचं घर तिसऱ्या मजल्यावर. एरवी ती पोर दर मजल्याला थांबायची, कठड्याला टेकून छातीवर हात ठेवायची. आज ती धाडधाड वर आली आणि आजी म्हणून दारातूनच हात पसरून धावली. मागून मुलगा. त्याच्या हातात आजीच्या कपड्यांची मोठी बॅग होती, आणि दुसऱ्या हातात आजीचा हत्यारांचा डबा.

"टिकली, लांब बस जरा आजीपासून," तो म्हणाला. "तिकडे, खुर्चीवर."

पोर मध्येच थांबली. मग निमूटपणे खुर्चीवर जाऊन बसली, हात मांडीवर ठेवून, आजाऱ्याला बघायला आल्यावर बसतात तशी. आजीच्या काळजात चर्र झालं. बॅगेकडे बघून झालं नव्हतं एवढं ह्या बसण्याकडे बघून झालं.

तिनं पर्स उघडली आणि पिशवी त्याच्यासमोर टाकली. "आकडा माझ्या जाण्यानं नाही उतरला. फिल्टरवर ही होती. तुझीच तारीख आहे, वाच."

त्यानं पिशवीला हात लावला नाही. वाचायला वाकलाही नाही.

"मला कळलंय," तो म्हणाला. "मंगळवारीच कळलं. आठवड्याचा आलेख बघत होतो. आकडा शनिवारी साडेदहालाच उतरायला लागला, तेव्हा तू घरातच होतीस. मग मी यंत्र उघडलं. फिल्टरवर माझी तारीखच नव्हती, म्हणजे ती मी पिशवीवर घातली होती."

बहीण आतल्या दारात येऊन उभी राहिली.

"मंगळवारी कळलं," आजी म्हणाली. "मग आज बॅग कशाला आणलीस?"

तो हळूच म्हणाला, तुझ्या सुनेला काय सांगू? ती म्हणत होती माणूस बोलवू बसवायला. अकरा महिने, आई. यंत्र बसवल्यावरही दोनदा सलाइन लावलं पोरीला. तिला कळलं तर ती माझ्याकडे कशी बघेल?

आजीला राग आला आणि कीवही आली, आणि दोन्ही एकदमच आली. ह्याला सांभाळायला म्हणून ती गप्प बसली होती, आणि ह्यानं त्या गप्प बसण्याची बॅग भरून आणली होती. तिनं वाद घातला नाही. चपला पायात सरकवल्या, डबा स्वतः उचलला, टिकलीला हात दिला.

"बॅग घे," ती म्हणाली. "सूनबाईला तू सांगायचंस. मी शेजारी उभी राहीन."

त्यानं बॅग उचलली. टिकली आजीचा हात सोडून भराभर पुढे उतरून गेली, तिची बडबड खालून ऐकू येत होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो थांबला.

"आई, तूच सांग ना."

"नाही," आजी म्हणाली, आणि कठडा धरून पुढची पायरी उतरली.