नेसरीच्या स्लॅबवरचा बांबू

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. पण हवेवर सगळं कोल्हापूर त्यांना दादासो म्हणतं, मग मीच कशाला आडपडदा ठेवू? दादासो हॅम आहेत. म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, लायसन काढून हातातल्या वायरलेस सेटवर बोलणारी हौशी मंडळी असतात ना, त्यातले. लग्नात मला वाटलं होतं, बँकेतला शांत माणूस मिळाला. शांत कसला? घरात तोंड उघडायचं नाही आणि सेटचं बटण दाबलं की थांबायचं नाही.

आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. जेवून हात पुसले की दादासो राजारामपुरीतल्या आमच्या गॅलरीत बसून सेटवरून सगळ्या हॅम मंडळींची रोजची हजेरी घेत. एकेकानं आधी कॉलसाईन सांगायची, म्हणजे हवेवरचं आपलं नाव, आणि मगच बोलायचं. कॉलसाईन न सांगता कुणी नुसतं बटण दाबलं तरी ह्यांचं डोकं फिरायचं. लायसन नसलेल्यानं तर सेटला तोंड लावायचं नाही. एकदा विजयसिंहांच्या बायकोनं, संयोगितानं, उद्या जेवायला या एवढंच सेटवरून सांगितलं, तर ह्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा तिला कायदा शिकवला. तिनं पुन्हा कधी सेटला हात लावला नाही.

विजयसिंह ह्यांचे जिवाभावाचे दोस्त. शाहूपुरीत त्यांचं पंपांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दोघांनी परीक्षा एकत्र दिली, दोघांनी मिळून कुणाकुणाच्या गच्चीवर अँटेना उभ्या केल्या, आणि दोघं रोज भेटत असूनही संध्याकाळी पुन्हा हवेवर बोलत. मग विजयसिंहांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळायचं सगळं, पण शब्द फुटायचा नाही. संयोगिता त्यांना घेऊन नेसरीला, गावच्या घरी राहायला गेली.

दादासो भेटायला गेले ते सेट घेऊनच, मीही बरोबर होते. डोंगरावर हॅम मंडळींचा रिपीटर आहे. लांबून आलेला बारीक आवाज तो पकडतो आणि मोठा करून चौफेर सोडतो. त्याचा आवाज नेसरीत विजयसिंहांच्या सेटवर ठणठणीत यायचा, पण हातातल्या सेटवरून बटण दाबलं तर डोंगरापर्यंत काहीच पोचायचं नाही. जत्रेतला कर्णा आपल्याला ऐकू येतो, म्हणून आपली हाक काही कर्णेवाल्याला जात नाही, तसं ते. दादासोंनी अंगणात, दारात, स्लॅबवर सगळीकडं उभं राहून पाहिलं. सेटची आखूड रबरी शेपटी काढून लांब अँटेना करायची, ती बांबूवर उंच चढवायची, मधे चांगली जाड केबल घालायची, की पोचलं असतं. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर त्यांनी त्याच दिवशी बांबू शोधला असता. पण ते म्हणाले,

"ऐकू येतंय तेवढं बास की. बोलायचं कुठं हाय त्याला?"

हे विजयसिंहांच्या समोर म्हणाले. विजयसिंह डाव्या हातानं मांडीवरची चादर सारखी करत राहिले.

त्यानंतर दादासो नेसरीला गेले नाहीत. मला बघवत नाही म्हणाले. मी भांडले, की तुम्हाला बघवत नाही आणि ती संयोगिता काय सिनेमा बघायला बसलीय का तिथं?  जायच्याऐवजी ते रोज हजेरीच्या शेवटी म्हणायचे, विजयसिंह, ऐकतोयस न्हवं? आणि बटण सोडून गप्प राहायचे. सगळीच मंडळी गप्प राहायची. मग, ऐकतोय असं धरतो, म्हणून ते हजेरी संपवायचे. ती गप्प जागा विजयसिंहांची होती. मला ते ऐकून दर वेळी भरून यायचं, हेही खरं.

दसरा झाल्यावर एका संध्याकाळी त्या जागेत रिपीटर उघडला, म्हणजे कुणाचं तरी बटण डोंगरापर्यंत पोचलं. कुणी बोललं नाही. थोडी खरखर आली आणि बटण सोडल्यावर रिपीटर करतो तसं टक् होऊन बंद झालं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच, नेमकं त्याच जागेत. मला त्यात कुणाचा तरी श्वास ऐकू आला, मी तसं बोललेही. दादासोंनी हातानंच मला गप्प केलं. नेसरीहून पोचत नाही हे त्यांनी स्वतः तपासलं होतं, आणि एकदा तपासलेल्या गोष्टीचा ते पुन्हा विचार करत नाहीत. त्यांना वाटलं कुणी टवाळ आपल्या दोस्ताची चेष्टा करतोय. तिसऱ्या वेळी त्यांचा तोल गेला.

"कोण हाय रं त्यो? ही जागा माझ्या दोस्ताची हाय. नाव सांगायची हिंमत नसंल तर बटणाला हात लावू नगंस. सेट इकून टाक."

पुन्हा खरखर आली नाही. बघ कसा सुतासारखा सरळ आला, असं मला ऐकवून ते खुशीत झोपले. पुढेही रोज विचारायचे, रोज गप्प राहायचे आणि रोज, ऐकतोय असं धरतो, म्हणायचे.

दिवाळी जेमतेम उरकली आणि विजयसिंहांच्या मुलीचा, वर्षाराणीचा फोन आला. दुसरा झटका आला होता, त्यात ते गेले. आम्ही रक्षाविसर्जनाला नेसरीला गेलो. वळणावरूनच घर दिसलं आणि दादासो रस्त्यातच उभे राहिले. स्लॅबवर पाण्याच्या टाकीला तारेनं आवळलेला उंच बांबू होता. त्याच्या टोकाला तांब्याच्या पाईपची अँटेना होती आणि काळी जाड केबल खाली खिडकीत गेली होती.

पावणे पांगल्यावर संयोगितानं सगळं सांगितलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता. विजयसिंह खुर्चीत बसून डाव्या हातानं दाखवायचे आणि वर्षाराणी करायची. पाईप दुकानातल्या उरलेल्या मालातला. आधी पोचेना, मग आणखी एक बांबू जोडला, केबल बदलून आणली. डोंगरानं पहिल्यांदा टक् करून उत्तर दिलं तेव्हा ते कितीतरी वेळ हसत होते. संयोगिता फोन करून आम्हाला कळवणार होती, त्यांनी करू दिला नाही.

"तुमच्या हाकंला त्यांचं त्यांनाच उत्तर द्यायचं होतं, भावजी. तुमी रागावल्यावर मी म्हटलं, मी बोलू का शेटवर? तर नको म्हणून मान हलवली. मला लायसन न्हाय न्हवं. मग शेट बंद करून माझ्या हातात दिला. परत ऐकला बी न्हाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दादासो तिच्याकडून सेट घेऊन स्लॅबवर गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी केबल जोडली आणि बटण दाबलं. तोंड उघडलं, पण काही आलं नाही. बटण सोडलं तसं डोंगराकडून टक् झालं, अगदी स्वच्छ. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा नुसतंच सोडलं. ओठ हलत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. तेवढ्यात पूर्णिमाचा आवाज आला. शाहूपुरीतली दातांची डॉक्टर, हिला हजेरी घ्यायला दादासोंनीच शिकवलं. दवाखान्यात तिचा सेट दिवसभर चालू असतो.

"कोण आहे? कॉलसाईन सांगा, नाहीतर बटण दाबू नका."

दादासोंच्या हातातून सेट सुटायला आला. तो मी घेतला. इतकी वर्षं संसार केला, पण त्या बटणाला कधी बोट लावलं नव्हतं. मी ते दाबलं आणि म्हणाले,

"पूर्णिमा, मी अरुणा. लायसन न्हाय मला. दादासो हायत हितं. बोलता येईना त्यांना, म्हणून नुसतं बटण दाबलं."

 पूर्णिमा हळू आवाजात म्हणाली, काकू, लई साफ येतंय, कुठनं बोलताय?

नेसरीतनं, मी म्हणाले. एवढंच सांगायला तेव्हा त्या घरातल्या कुणीतरी कायदा मोडायला हवा होता. दादासो बांबूच्या बुडाशी बसले होते. विजयसिंह, ऐकतोयस न्हवं, असं त्या दिवसापासून ते कधीच विचारत नाहीत.