हेझलच्या हातातला दोर

क्लाइव्हने ते काम पॉलीनच्या गळ्यात घातलं आणि वर म्हणाला, "तुझ्याइतकी जवळची तिला दुसरी कोण आहे?" क्लाइव्ह गावच्या चर्चच्या मनोऱ्याचा प्रमुख. मनोऱ्यात आठ घंटा, आठ दोर आणि दोर ओढणारी आठ माणसं. त्यातली एक हेझल, वय चौऱ्याहत्तर, पन्नास वर्षं तिथे घंटा वाजवत आलेली. तिला सांगायचं होतं की बाई, आता दोराला हात लावू नकोस.

कारण खोटं नव्हतं. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सरावात हेझल मध्येच विसरली. या घंटांचा क्रम दर फेरीला बदलतो. तो समोर लिहून ठेवत नाहीत, ज्याने त्याने आपली वाट डोक्यात ठेवायची असते. हेझलची वाट हरवली. तिने नको त्या क्षणी जोर लावला, वर अर्ध्या टनाची घंटा पलटी खाऊन तिला थोपवणारा लाकडी अडणा मोडून गेली आणि दोर चाबकासारखा उडाला. क्लाइव्हचा डोळा बोटभर अंतराने वाचला. "लाकूड कुजलं होतं," हेझल म्हणाली. लाकूड दोनच वर्षांपूर्वी नवं घातलेलं होतं.

"पुढच्या मंगळवारच्या आत सांग," क्लाइव्ह म्हणाला. "नाहीतर मला सगळ्यांदेखत तिच्या हातातून दोर काढून घ्यावा लागेल. मला ते नकोय गं. पण मी घेईन."

वाईट बातमी द्यायची तर आधी चांगला चहा पाजायचा, ही इकडची रीत. पॉलीनने चहावर भागवलं नाही. तिने लिंकन शहरात दोन रात्रींची खोली घेतली, टेकडीच्या माथ्यावर, कॅथीड्रलच्या समोर, खिडकीत बसायला गादी असलेली. हेझलला म्हणाली, "सहज गं. किती वर्षं नुसतं जाऊ जाऊ म्हणतोय."

चुकली ती इथेच. चाळीस वर्षांच्या मैत्रीत पॉलीनने सहज म्हणून काही केलेलं नव्हतं, आणि हे हेझलला पक्कं ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी स्टेशनवर उतरल्यापासून हेझल विचित्र वागायला लागली. पॉलीनची बॅग तिने हिसकावूनच घेतली. त्या उभ्या चढाच्या रस्त्यावर धडधाकट माणसालाही धाप लागते, पण हेझल दर वीस पावलांवर थांबायची आणि म्हणायची, "बस जरा. घाई कसली आहे आपल्याला?"

"मी अडुसष्टची आहे, हेझल. तू चौऱ्याहत्तरची."

"माझं सोड. तू बस."

पॉलीन बसली. पुस्तकांच्या दुकानाच्या पायरीवर, मग एका बाकावर, मग कोणाच्या तरी बागेच्या भिंतीवर. ही आपल्याला म्हातारी समजते की काय, असं वाटून ती मनातून चिडली. आणि चिडलेल्या माणसाला नाजूक गोष्ट सांगणं जमत नाही, म्हणून तो दिवस तसाच गेला.

शनिवारी दोघी तिथल्या किल्ल्याच्या तटावर फिरल्या. मार्चचं बोचरं वारं होतं. तटावरून खाली लाल कौलं आणि त्यापलीकडे मैलोन्‌मैल सपाट शेतं दिसत होती. पूर्वी कोणाच्या तरी लग्नाच्या वेळी चर्चमध्ये मेंढी शिरली होती, ती हकीकत हेझलने सांगितली. ती तिने न्याहारीलाही सांगितली होती. चहाच्या दुकानात, मनुके घातलेल्या पावावर लोणी फासताना, तीच हकीकत तिसऱ्यांदा आली, आणि मेंढीने नवरीच्या हातातली फुलं खाल्ली तिथे हेझल तिन्ही वेळा सारखीच हसली. पॉलीनही तिन्ही वेळा हसली. तिसऱ्या वेळी तिने हातातला कप खाली ठेवला.

आता बोलायचंच, असं तिने ठरवलं. "हेझल, मला तुझ्याशी एका गोष्टीबद्दल—"

हेझलने तिच्या हातावर हात ठेवला. "माहीत आहे मला. तू काही बोलू नकोस."

"माहीत आहे?"

"तुला वाटतं तुझा चेहरा मला वाचता येत नाही? सांगायला जड जातं ना, मग नको सांगूस. दोन दिवस मजेत घालवू."

पॉलीनच्या डोळ्यांत पाणीच आलं. सुटले बाई, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्याची लाजही वाटली. नवरा सोडून गेला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. हेझलने तिला ओढत मनोऱ्यावर नेलं होतं आणि तीन महिने मागे उभं राहून, तिच्या हातांवर आपले हात ठेवून, घंटा वाजवायला शिकवलं होतं. त्या हातांना आता 'बस्स' म्हणायचं होतं, आणि ते न म्हणताच भागलं होतं. त्या संध्याकाळी तिने सफरचंदाचं गोड दोन वेळा वाढून घेतलं.

रविवारी सकाळी हेझल आधीच कपडे करून तयार होती. "चल. तुझ्यासाठी एक गंमत ठरवली आहे."

उताराच्या निम्म्यावर एक लहान चर्च होतं. बॅगा खाली वाटेवरच ठेवून हेझल त्याच्या मनोऱ्याचा दरवाजा ढकलून अरुंद गोल जिना चढायला लागली. तिने घरून निघण्याआधीच तिथे पत्र पाठवून ठेवलं होतं: आम्ही दोघी पाहुण्या, रविवारच्या प्रार्थनेआधी वाजवायला येऊ. बाहेरगावचं कोणी वाजवणारं आलं की त्याला दोर द्यायचा, ही सगळ्याच मनोऱ्यांची रीत. पॉलीन तिच्या मागे जिना चढत होती आणि तिला काहीच उमजत नव्हतं. हिला जर माहीत आहे, तर ही इथे कशाला आली?

वर सहा माणसं होती. प्रमुख फिलिपा नावाची उंच बाई, पँटला सायकलचे चिमटे तसेच. "पन्नास वर्षांचा अनुभव!" ती हेझलला म्हणाली. "मग तुम्ही सातवी घ्या. जड आहे, पण गुणी आहे." शेजारच्या सहाव्या दोराशी एक तरुण बाई उभी होती, सहा-सात महिन्यांची गरोदर. हेझलने बाह्या सरसावल्या आणि दोर धरला. कसा धरायचा ते तिचे हात विसरले नव्हते.

पॉलीनने त्या गरोदर बाईकडे पाहिलं. मग तोंडातून आपोआपच निघालं, "हेझल वाजवणार नाही."

सगळे थांबले.

"का?" हेझलने विचारलं.

बाजूला घेऊन सांगायला त्या खोलीत बाजूच नव्हती. "कारण तुला आता क्रम लक्षात राहत नाही. गेल्या महिन्यात क्लाइव्हचा डोळा जाता जाता राहिला. लाकूड चांगलं होतं, हेझल."

सहाही माणसं एकदम आपापल्या बुटांकडे पाहायला लागली. फिलिपाने घसा खाकरला. "आपण आज सहाच वाजवू. छान होईल सहांचं." तिने पॉलीनला तिसरा दोर दिला आणि स्वतः बाजूला झाली. नाही म्हणण्याइतकीही हिंमत पॉलीनमध्ये उरली नव्हती. हेझल भिंतीजवळच्या बाकावर बसली, मांडीवर हात ठेवून, डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्या माणसासारखी. घंटा सुरू झाल्यावर तिचे ओठ हलायला लागले. ती मनात क्रम मोजत होती. थोड्या वेळाने ओठ थांबले, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, पुन्हा थांबले. पॉलीनला ते पाहायचं नव्हतं, पण तिचा दोर नेमका समोर होता.

खाली थडग्यांमधल्या वाटेवर हेझल म्हणाली, "म्हणजे हे सांगायला आणलंस मला."

"हो. पण तू काल म्हणालीस ना, माहीत आहे म्हणून."

"तुला काय झालंय?"

"मला? काही नाही."

"काहीच नाही?" हेझलने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मला वाटलं तू मरायला टेकली आहेस. एवढी महागाची खोली, सारखा रडवेला चेहरा. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. म्हटलं शेवटचं एकदा दोघींनी मिळून वाजवू, म्हणून त्यांना पत्र पाठवलं." ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. "कोणी ठरवलं हे?"

"क्लाइव्हने. सगळ्यांनी."

"तूपण?"

"मीपण."

"आणि सांगितलंस कुठे, तर परक्या लोकांसमोर." हेझलने आपली बॅग उचलली. या वेळी पॉलीनची उचलली नाही. उतारावरून ती पुढे निघाली आणि एकदाही थांबली नाही.

तीनच्या गाडीत ती पॉलीनपासून चार रांगा पुढे जाऊन बसली. पॉलीनने तिला बसू दिलं. राग येणारच, तो यायलाच हवा, पण मंगळवार तरी टळला, असं ती स्वतःला समजावत होती. खिडकीबाहेर नांगरलेली काळी शेतं मागे जात होती. नेवार्कला गाडी बदलायची होती, त्याच्या दहा मिनिटं आधी हेझल उठून आली आणि तिच्या शेजारी बसली. चेहऱ्यावर राग नव्हता. तिने पॉलीनचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मघाशी एकटी जाऊन बसले, रागावू नकोस हं. कशाला बसले कोण जाणे," ती हळूच म्हणाली. "आता घर जवळ आलं. आता तरी सांग ना गं, डॉक्टर काय म्हणाले? किती दिवस दिलेत तुला?"

पॉलीनला गप्प बसणं सोपं होतं. हो म्हणून टाकणं तर त्याहून सोपं होतं. हेझलने तिला जवळ घेतलं असतं, आणि परवा मंगळवारी संध्याकाळी साडेसातला सरावासाठी बाह्या सरसावत मनोरा चढून आली असती.

"मी आजारी नाही, हेझल," ती म्हणाली. या वेळी तिने आवाज खाली ठेवला. "मला काही झालेलं नाही. तुझ्याबद्दल आहे. तू आता घंटा वाजवायची नाहीस."

हेझलचा चेहरा सकाळी थडग्यांमधल्या वाटेवर उतरला होता तसाच उतरला, तेवढाच, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. पॉलीनचा हात मात्र तिने सोडला नाही.

"कोणी ठरवलं हे?"

"क्लाइव्हने. सगळ्यांनी."

"तूपण?"

"मीपण," पॉलीन म्हणाली.