गंगुबाईंच्या कपाळावरचा चमचा

गंगुबाईंच्या मानेचा एमआरआय काढायचा होता, म्हणून सून अपेक्षा त्यांना परळच्या हॉस्पिटलात घेऊन गेली. गंगुबाईंचे यजमान शामरावही हट्टाने सोबत आले. पण त्यांच्या छातीत पेसमेकर. तिथल्या मुलीने त्यांना दारातच थांबवलं. "आजोबा, तुम्ही बाहेर बसा. आत मोठा मॅग्नेट आहे, पेसमेकर बिघडायचा."

मशीनमध्ये सरकताना गंगुबाईंना गरगरलं. "काहींना होतं असं," मुलगी म्हणाली. "कानाच्या आत जे पाणी असतं ना, त्यावर मॅग्नेटचा जोर पडतो. बाहेर आलात की थांबेल."

थांबलंही. पण गंगुबाईंच्या डोक्यात मॅग्नेट राहिला तो राहिलाच.

संध्याकाळी लालबागच्या घरी सोलकढी ढवळता ढवळता कपाळाला खाज आली. हातातल्या चमच्यानेच त्यांनी खाजवलं. हात काढला, तर चमचा कपाळावर तसाच!

"गो अपेक्षा, माज्या आंगात चुंबक शिरलो!"

शामराव छाती धरून उठले आणि मागच्या मागे सरकत गॅलरीत पोचले. "थयच रव! पुढे येव नको. माझो पेसमेकर बंद पडतलो!"

त्या दिवसापासून त्यांनी बिऱ्हाड गॅलरीतच मांडलं. गंगुबाई त्यांचं ताट लाटण्याने उंबऱ्याबाहेर ढकलायच्या. चाळभर बातमी पसरली. चमचा बघायला माणसं येऊ लागली, आणि गंगुबाई रोज पातळ बदलून तयार बसू लागल्या. शेजारच्या बाबुरावांची सुई गादीत हरवली होती. त्यांनी गंगुबाईंना गादीवर लोळायची विनंती केली. सुई काही मिळाली नाही, गंगुबाईंना मात्र छान झोप लागली.

आत-बाहेर निरोप पोचवून अपेक्षा वैतागली. तिने फ्रीजवरचं चुंबक काढून त्याच चमच्याला लावलं. खाली पडलं. मग तिने प्लास्टिकचा कंगवा सासूच्या कपाळावर टेकवला. तो चिकटला.

"आता कंगव्यात कुठलं लोखंड, आई? डोक्याला खोबरेल चोपडता, ते कपाळावर उतरतं." तिने कपाळ पुसून पावडर लावली. पुन्हा टेकवलेला चमचा टणकन खाली.

गंगुबाईंचा चेहरा एवढासा झाला. "मगे माज्यात कायच नाय?"

"काहीच नाही."

त्या गॅलरीत गेल्या. शामराव चटईवर आरामात पाय पसरून पेपर वाचत होते. तसे ते मजेतच होते. इथे त्यांना कुणी पाणी भरायला सांगत नव्हतं.

"चुंबक गेलो," गंगुबाई म्हणाल्या.

"आणखी आठवडाभर बघूया गो. रिस्क कशाक?"

गंगुबाई सरळ त्यांना खेटून बसल्या. शामरावांनी डोळे मिटले, श्वास रोखला.

"पेसमेकर चलता?" गंगुबाईंनी त्यांच्या छातीवर हात ठेवून विचारलं.

शामरावांनी मान वाकवून छातीकडे कान दिला. "चलता," ते नाइलाजाने म्हणाले.

"मगे उठा. बांगडे थंड होतत."